जुना माल आधी

४ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०

ही काल बहिणीकडे गेली. हवापालट. आठ दिवसांत परत येईल. भांडण वगैरे काही नाही. कॉफीवरून थोडा मतभेद झाला, एवढंच. तो लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावायला नको.

शनिवारी हिची शाळेतली मैत्रीण बावीस वर्षांनी घरी आली. हिने उत्साहाच्या भरात कॉफीचं नवीन पाकीट फोडायला घेतलं. जुन्या डब्यात अजून दोन बोटं कॉफी शिल्लक होती. मी काय केलं? पाकीट हिच्या हातातून काढून घेतलं आणि फळीवर ठेवलं. हसतमुखाने. मैत्रिणीसमोर, हे खरं. पण मैत्रिणीपासून काय लपवायचं? मग जुन्या डब्यातली कॉफी मी स्वतः करून दिली आणि स्टॉकचा नियम मैत्रिणीला वीस मिनिटं नीट समजावून सांगितला. तिने अर्धा कप तसाच सोडला. कुणाकुणाला रीतभात नसते.

मी गोदामात चौतीस वर्षं काढली. यंत्रांचे रबरी भाग. रबर पडून राहिलं की कडक होतं, म्हणून आधी आलेलं आधी बाहेर काढायचं. माझ्या टेबलावर पाटी होती: ‘जुना माल आधी’. रिटायर होताना लोक घड्याळ मागतात, मी ती पाटी मागितली. आता ती शेगडीच्या वर आहे. हिची हरकत होती. हरकत ऐकून घेतली.

संकल्प: ही परत येईपर्यंत घरात कॉफी साठवायची अशी सिस्टिम उभी करायची, की हिने तोंडात बोट घातलं पाहिजे.

५ मार्च, बुधवार

कॉफीच्या दुकानात गेलो. शनिवारचं पाकीट फोडलेलं नव्हतंच. ते परत दिलं, वर भर घालून एक किलो घेतली. वारंवार खरेदी हे कच्च्या नियोजनाचं लक्षण.

कॉफीवाल्याने घरी माणसं किती ते विचारलं. दोन म्हटलं. मग म्हणाला की दोघांना पंधरा दिवस पुरेल एवढीच न्या, दळलेली कॉफी फार दिवस टिकत नाही, हवा, उजेड, ओल आणि दुसऱ्या कशाचा वास या चार गोष्टींपासून जपा. मी कोण आहे ते त्याला सांगितलं. चौतीस वर्षं म्हटल्यावर वजनं लावायला लागला. मग त्याने पुन्हा विचारलं की दोघंच ना? सध्या एकच, म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दुकानदाराने तराजूकडे पाहावं.

७ मार्च, शुक्रवार

काचेच्या चार बरण्या आणल्या. प्रत्येकीवर लेबल, लेबलावर तारीख. खिडकीत ओळीने मांडल्या. ऊन पडलं की काय दिसतात! हिला फोटो पाठवला. उत्तर नाही. बघून थक्क झाली असणार.

समोरचे मास्तर आले. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळतं. म्हणाले की उन्हाने कॉफीची वाट लागेल. त्यांना जुन्या डब्यातली कॉफी दिली. अर्धी सोडली. पित्त म्हणे.

बरण्या खिडकीतून काढल्या. मास्तर म्हणाले म्हणून नाही. पडदा नीट सरकत नव्हता.

८ मार्च, शनिवार

बरण्या फ्रिजमध्ये. थंडावा, अंधार, दोन्ही एका ठिकाणी. लेकीचा फोन आला. ती म्हणाली की बाबा, फ्रिजमध्ये कापलेला कांदा आहे, आई गेल्यापासून तुम्ही तो झाकलेला नसणार. नव्हता झाकलेला. पण बरणीला झाकण आहे. एका वेळी दोघांनी कशाला झाकून घ्यायचं?

नव्या कॉफीला कांद्याचा वास लागला का, हे तपासायचा प्रश्नच येत नाही. जुनी अजून संपलेली नाही.

लेकीला विचारलं, आई कधी येणार म्हणाली? ती म्हणाली, तुम्हीच विचारा. हल्लीची मुलं साध्या प्रश्नाचं साधं उत्तर देत नाहीत.

११ मार्च, मंगळवार

आठ दिवस काल पूर्ण झाले.

बहिणीकडे फोन केला. मेहुणीने उचलला. ही फिरायला गेली आहे म्हणे. एकतीस वर्षांच्या संसारात ही कधी फिरायला गेली नाही. पाय दुखतात म्हणायची. मेहुणीने, मी न विचारता, आणखी एक बातमी दिली. साडू म्हणे रोज सकाळी अख्ख्या बिया हाताने दळतात. लागतील तेवढ्याच. आणि हिला पहिला कप नेऊन देतात. ही म्हणे तो कप घेऊन गॅलरीत अर्धा तास बसते.

साडूंना पहिल्यापासून काही उद्योग नाही. रिटायर झालेल्या माणसाने दिवसभर कॉफीच्या मागे लागावं, हे मला पटत नाही.

बरण्यांना नवीन लेबलं लावली. पहिली फ्रिजमध्ये ओली होऊन गळाली होती.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी

फ्रिज रद्द. बरणी बाहेर काढली की आतून घाम फुटतो. दोन बरण्यांत गुठळ्या झाल्या. त्या लाटण्याने फोडल्या.

यापुढे तात्पुरते उपाय बंद. घराची रीतसर पाहणी केली. सर्वांत कोरडी, अंधारी, थंड जागा कोणती? हिचं कपड्यांचं कपाट. शिवाय आत डांबराच्या गोळ्या आहेत, म्हणजे किडीचीही काळजी नाही. दुहेरी फायदा. हे चौतीस वर्षांचा अनुभव असलेल्यालाच सुचतं.

वरचा कप्पा भरलेला आहे. मधला पूर्ण रिकामा निघाला. खालचाही. आठ दिवसांसाठी हिने लोकरीची शालसुद्धा नेली. बायका सामान फार नेतात. हिच्या आईचा फोटो आतल्या बाजूला असायचा, ती जागाही मोकळी होती. तिथे पाकिटांना लावायचे चिमटे ठेवले.

बरण्यांची झाकणं सैल वाटत होती, म्हणून कॉफी कागदी पिशव्यांत भरून ठेवली. कागद श्वास घेतो.

१६ मार्च, रविवार

ऐतिहासिक दिवस. सकाळी ८.२० ला जुना डबा संपला. तळाला खरवडून शेवटचा कप केला. डबा धुऊन पुसून फळीवर ठेवला. मग कपाटातून पहिली पिशवी आणली, नियमाने, ताठ मानेने.

कॉफी उत्तम. काहीतरी स्वच्छ, टापटिपीची चव. माझं नाक रबराच्या धुळीने जरा अधू झालंय. पण चव म्हणजे जिभेचं काम.

मास्तरांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी कप तोंडाशी नेला, खाली ठेवला, आणि विचारलं की तुमच्याकडे कसर लागलीय का कपड्यांना? कप अख्खा सोडला. या माणसाला पुन्हा बोलवायचं नाही.

१८ मार्च, मंगळवार

हिने स्वतः फोन केला. मी बरण्यांपासून कपाटापर्यंत सगळी प्रगती सांगितली. हिने मध्ये एकदाही तोडलं नाही. नंतर शांतपणे म्हणाली की एकतीस वर्षं मी मागच्या महिन्याची कॉफी प्यायले. दर महिन्याला ताजी घरात यायची आणि आम्ही जुनी संपवत बसायचो, ती संपेपर्यंत ताजीची जुनी व्हायची. एकदा, फक्त एकदा तो जुना डबा ओतून दिला असतात, तर आयुष्यभर ताजी प्यायलो असतो.

मी म्हटलं, ओतून द्यायचं म्हणजे नुकसान.

मग हिने लेकीच्या लग्नात आलेल्या चादरी काढल्या. म्हणजे विषय काढला. चादरी अजून सीलबंद आहेत. टॉवेल, काचेचे पेले, पाहुण्यांच्या खोलीतला दिवा. म्हणाली, तुमच्या घरात प्रत्येक वस्तू जुनी झाल्यावर हाताला लागते. आणि त्या दिवशी मैत्रिणीपुढे तुम्ही माझ्या हातातून पाकीट काढून घेतलंत, ते कॉफीचं नव्हतं.

मग कशाचं होतं, असं मी विचारलं. पाकिटावर तर कॉफी असंच लिहिलं होतं.

फोन बंद झाला. या भागात लाइन फार खराब आहे.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६

लेक आली. आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग आईचं कपाट उघडलं. आईच्या कपड्यांच्या जागी कॉफीच्या पिशव्या पाहून ती पलंगावर बसली. मी सिस्टिम समजावून सांगायला लागलो, तर तिने हात वर केला. हा हात वर करण्याचा प्रकार तिने माझ्याकडूनच उचललाय.

तिने जे सांगितलं ते असं. आई पुढच्या रविवारी, तीस तारखेला, चार वाजता येणार. राहायचं की नाही, ते तिने ठरवलेलं नाही. इथे येऊन ठरवणार आहे. बाबांनी फक्त एकच करायचं: नवीन पाकीट आणायचं, आईसमोर फोडायचं, आणि तिला एक कप ताजी कॉफी द्यायची. भाषण नको. पाटी उतरवायची. जुनी कॉफी टाकून द्यायची.

मी हो म्हटलं. तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. टाकून द्यायच्या कलमाला मी फक्त मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

जाताना तिने गळ्यात हात टाकले. बाबा, एवढं कराच, म्हणाली. लहानपणानंतर पहिल्यांदाच असं बोलली. मला जरा भरून आलं. ते जाऊ दे.

२३ मार्च, रविवार. सकाळी ६.३०

तोडगा सापडला! रात्रभर झोप नाही, पण सापडला.

शिल्लक ६४० ग्रॅम. हातात सात दिवस. रोज नऊ कप प्यायले की शनिवारी संध्याकाळी जुना माल संपतो. मग रविवारी नवीन पाकीट फोडायला नियमाचीच परवानगी. टाकायला नको, मोडायला नको, हीपण खूश. एका माणसाच्या हट्टापायी एवढी चांगली व्यवस्था मोडीत काढायची नसते. दोन्ही सांभाळायचं असतं.

पहिला कप घेतला. आठ राहिले.

२४ मार्च, सोमवार

नऊ कप. उत्साह प्रचंड. पंखे पुसले. भांड्यांची फळी पुसली. पंखे पुन्हा पुसले.

२५ मार्च, मंगळवार

नऊ. अक्षर जरा हलतंय, ते पेनामुळे.

२६ मार्च, बुधवार

सकाळी छातीत असं धडधडायला लागलं, की मास्तरांनी धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कॉफी किती घेता? चार-पाच, म्हटलं. मास्तर मूग गिळून बसायचं सोडून म्हणाले की नऊ. कॉफी आजपासून पूर्ण बंद. डॉक्टरांनी घरी कोण असतं तेही विचारलं. बायको बाहेरगावी आहे म्हटलं. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

शिल्लक ३७०.

२८ मार्च, शुक्रवार

मी घेऊ शकत नाही, तर वाटप. जिन्यात रंगाचं काम चालू आहे. रंगाऱ्यांना दोन दिवस कॉफी पाजली, अकरा कप. पहिल्या दिवशी त्यांनी घेतली. आज सगळे एकदम म्हणाले की आमचा उपास आहे. थोरल्या रंगाऱ्याने तर सांगितलं की साहेब, आमच्या रंगाचा वास बरा. तरी कप त्यांच्या हातात देऊन मी उभाच राहिलो, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला.

मास्तरांनी दोनशे ग्रॅम मागून नेली. बुटांच्या कपाटात ठेवायला म्हणे. मास्तर विनोदी आहेत. मनातून आवडली असणार, सरळ कबूल करणं जिवावर येतं.

२९ मार्च, शनिवार

कॉफीवाल्याकडे गेलो. आज सकाळी भाजलेली, आताच दळून दिलेली पाव किलो घेतली. पाकीट हातात घेतलं तर अजून कोमट होतं. या वेळी त्याने उपदेश केला नाही. कुणासाठी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बायको येतेय. त्याने आणखी मूठभर टाकली आणि म्हणाला की उद्याच फोडा, ठेवू नका.

पाटी उतरवली. दाराआड ठेवली आहे. भिंतीवर तेवढाच चौकोन उजळ दिसतो.

शिल्लक ६० ग्रॅम, म्हणजे सहा कप. उद्या चार वाजेपर्यंत वेळच वेळ आहे. डॉक्टरांना कळवण्यासारखं त्यात काही नाही.

३० मार्च, रविवार. दुपारी १.४०

सगळं क्रमाने लिहितो.

दहा वाजता दाराची बेल वाजली. तोपर्यंत माझे दोनच कप झाले होते. बघतो तर ही, मेहुणी आणि साडू. चारची वेळ असताना दहाला. साडूंच्या गाडीला दुपारी दुसरं काम होतं म्हणे. असल्या माणसांमुळे नियोजन कोसळतं.

ही बारीक झाली आहे. चेहरा मात्र बरा दिसत होता. स्वयंपाकघरात डोकावून भिंतीवरचा उजळ चौकोन हिने पाहिला. मग टेबलावरचं नवीन पाकीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसली. खरंच हसली. खुर्ची ओढून बसली. स्वयंपाकघरातली आपली नेहमीची खुर्ची नव्हे, बाहेरची, पण बसली.

मी कॉफी आणतो म्हणालो आणि पाकीट घेऊन आत आलो.

आत आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जुनी चाळीस ग्रॅम उरली होती. माणसं किती? चार. बरोबर चार कप. असा योग चौतीस वर्षांत आला नव्हता. पहिली फेरी जुन्याची, ती दहा मिनिटांत संपेल, लगेच दुसरी फेरी ताज्याची, हिच्यासमोर पाकीट फोडून. मी शब्दाला जागणार होतोच. फक्त दहा मिनिटं उशिरा.

कप घेऊन बाहेर येईपर्यंत हिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. वास आधीच पोचला असणार. साडूंनी कप नाकाशी नेऊन खाली ठेवला. मेहुणीने हातच लावला नाही.

हिने कप उचलला आणि पूर्ण प्यायली. एकेक घोट, न थांबता, तळापर्यंत. महिनाभरात या घरात पूर्ण कप संपवणारं हे पहिलं माणूस! मला इतका आनंद झाला, की मी तसं बोलूनही दाखवलं.

हिने कप स्वतः धुतला. पुसला. जागेवर ठेवला. मग आत जाऊन कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला. फार वेळ लागला नाही. मी म्हणत होतो, दुसरी फेरी राहिली आहे, पाणी ठेवलंय. साडू पिशव्या घेऊन खाली गेले.

दारात हिने विचारलं की संपली ना जुनी? मी म्हटलं, संपली, आत्ताच संपली. मग आता फोडा, म्हणाली. घराची किल्ली माझ्या हातातल्या नव्या पाकिटावर ठेवली.

घरातून बाहेर पडताना एकतीस वर्षं ही ‘येते’ म्हणायची. कोपऱ्यावर जाताना, माहेरी जाताना, चार तारखेच्या आदल्या दिवशी जातानासुद्धा. आज ‘जाते’ म्हणाली. घाईत निघालं असेल तोंडातून.

३१ मार्च, सोमवार

झाल्या गोष्टीकडे शांतपणे पाहिलं पाहिजे. हिने पूर्ण कप घेतला. नावडती गोष्ट कुणी पूर्ण घेत नाही.

लेकीचा फोन. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. फक्त विचारलं, बाबा, पाकीट फोडलं होतं का? मी म्हटलं, दहा मिनिटांचा प्रश्न होता. तिने पुन्हा तेच विचारलं. फोडलं होतं का? मी म्हटलं, आणलं होतं, अगदी ताजं, कोमट होतं. बरं बाबा, म्हणाली आणि फोन ठेवला. लाइन चांगली होती.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.०५

जुना माल शून्य. नवीन पाकीट फोडायला आता कुणाचीच हरकत नाही. फोडलं.

वास आला. मला. माझ्या या नाकाला. पाकीट तसंच हातात धरून उभा राहिलो. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, सगळीकडे तो वास गेला. कॉफीला असा वास असतो, हे मला माहीत नव्हतं. हिला माहीत होतं. दर महिन्याला पाकीट घरात आलं की ही ते नाकाशी धरायची आणि मग फळीवर ठेवायची. मी ते पाहिलेलं आहे. मला वाटायचं, तारीख वाचतेय.

मी चुकलो. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कुणी वाचत नाही.

सवयीने दोन कप केले. डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे माझा नुसता समोर ठेवला. दुसरा हिच्या जागेवर. दोन्ही गार झाल्यावर बेसिनमध्ये ओतले. आयुष्यात पहिल्यांदा चांगला माल टाकला. काही झालं नाही. पाणी सोडलं, वाहून गेला.

पाकिटाला चिमटा लावला, वर आजची तारीख घातली. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. कप्पे पुसले, दारं उघडी ठेवली.

किल्ली धुतलेल्या जुन्या डब्यात ठेवली. झाकण घट्ट आहे, हवा लागणार नाही. ही आली की लागेल.